कुमसार झालं, पण जमिनीचं काय?

वसईत मिश्र वस्तीत वाढलेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ही थट्टा कधी ना कधी ऐकलेली असते. ‘तुमचं बरं आहे राव. आठवडाभर वाट्टेल ते करा, शनिवारी संध्याकाळी फादरच्या कानात सांगा, रविवारी सकाळी पाटी कोरी!’ थट्टा करणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. अडचण अशी की आपल्यातल्याही पुष्कळांची समजूत मनातून तीच असते. देवाने माफ केलं म्हणजे प्रकरण मिटलं, आता त्यावर कुणी बोलायचं नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. पापाची क्षमा हे एक खातं आहे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई हे दुसरं. पहिलं बंद झालं म्हणून दुसरं आपोआप बंद होत नाही. हा फरक धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणी शिकवलेला असतो, पण मोठेपणी सातबारा हातात आला की तो नेमका विसरायला होतो.

आधी कुमसार म्हणजे काय ते पाहू. जुनी माणसं कुमसार म्हणतात, छापील पुस्तकांत पापनिवेदन किंवा प्रायश्चित्त संस्कार असतं. देवळाच्या एका बाजूला लाकडी कपाटासारखी जागा असते, मध्ये जाळी. जाळीच्या एका अंगाला गळ्यात जांभळी पट्टी घातलेले फादर, दुसऱ्या अंगाला गुडघ्यांवर आपण. राखेच्या बुधवारपासून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो आणि ईस्टर जवळ आला की या रांगा लांबतात. अशा वेळी शेजारच्या धर्मग्रामांतले (पॅरिशमधले) फादर मदतीला येतात, आणि लोकांना मनातून तेच बरं वाटतं. ओळखीच्या फादरपुढे तोंड उघडायला जीव धजत नाही ना!

ही लाकडी कपाटं मात्र येशूच्या काळची नाहीत. पहिल्या काही शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत चालायचं. खून, व्यभिचार, धर्मत्याग यांसाठी माणूस महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या रांगेत उभा असायचा, आणि ही संधी बहुधा आयुष्यात एकदाच. एकांतात आणि पुन्हा पुन्हा पापनिवेदन करण्याची पद्धत पुढे आयरिश मठवासीयांनी रुळवली. 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन सक्तीचं केलं. गंभीर पाप हातून घडलं असेल तर तो नियम आजही लागू आहे. जाळीचं कपाट आलं ते 16 व्या शतकात, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या काळात.

या संस्कारात चार गोष्टी लागतात. झाल्याचं मनापासून वाईट वाटणं, ते तोंडाने सांगणं, फादरने देवाच्या नावाने पापक्षमा देणं आणि शेवटी प्रायश्चित्त. पहिल्या तिन्हींबद्दल सगळे बोलतात. चौथी गोष्ट ‘तीन आमच्या बापा आणि तीन नमो मारिया म्हण’ एवढ्यावर आटोपते. मुलांच्या भांडणाला आणि घरातल्या चिडचिडीला तेवढं पुरेसं असतं. पण ज्या पापात दुसऱ्याचं काही गेलेलं आहे, तिथे प्रार्थना म्हणून गेलेली वस्तू परत येत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात हे स्पष्ट लिहिलं आहे. पापक्षमेने पाप जातं, पापाने केलेली सगळी मोडतोड त्याने दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करायचं, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू सावरायची, इजेची भरपाई द्यायची. साधा न्यायच तेवढं मागतो, असं तो ग्रंथ म्हणतो. संत ऑगस्टीन तर पाचव्या शतकात याहून कडक बोलून गेले: परत करता येत असूनही जो परत करत नाही, तो पश्चात्ताप करत नाही, पश्चात्तापाचं सोंग करतो.

आता आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, प्रकार मात्र वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणालाही ओळखीचा वाटेल.

वडील गेले. मागे दोन भावंडं, थोरला भाऊ आणि धाकटी बहीण. बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावात. घराची वाडी आहे, केळी आहेत, पानवेल आहे, कडेला बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं आहे. वडिलांच्या महिन्याची मिस्सा झाली, पाहुणे पांगले आणि भावाने कागद पुढे केला. ‘सही कर बाय. नुसती फॉर्मॅलिटी आहे, तलाठ्याकडे काम अडकलंय.’ कागद होता हक्कसोडपत्राचा. बहिणीने विचारलं, ‘दादा, यात काय लिहिलंय?’ दादा म्हणाला, ‘तुला काय करायचंय वाचून? माहेर आहे ना तुझं?’ तिने सही केली, निबंधक कार्यालयात अंगठाही उठवला. काही वर्षांनी रस्ता रुंद झाला, बिल्डर आले, वाडीचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला.

कायद्याच्या कागदात कुठे खोट दिसत नाही. गंमत म्हणजे मुलींच्या वाट्याबद्दल ख्रिस्ती लोकांना लागू असलेला कायदा फार जुना आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा. मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, असं तो तेव्हापासून सांगतो. म्हणजे या बहिणीचा अर्धा वाटा होताच. तो भावाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता, फक्त तिला तो कुणी सांगितला नाही.

समजा, हा भाऊ पुढे कधी तरी प्रायश्चित्तकाळात जाळीपाशी जातो आणि सांगतो, ‘फादर, मी बहिणीला फसवलं.’ इथे काय व्हायला हवं? चांगला फादर लगेच प्रार्थना सांगून मोकळा होणार नाही. तो विचारेल, ‘जमीन अजून तुझ्याच नावावर आहे का? परत कधी करणार?’ भाऊ म्हणाला, ‘परत नाही करणार, पण वाईट फार वाटतं,’ तर फादर पापक्षमा देणं थांबवू शकतो. कारण पश्चात्ताप म्हणजे नुसतं वाईट वाटणं असतं तर कोंबडी चोरून खाणाऱ्यालाही पोट भरल्यावर वाईट वाटतच असतं.

फादर बहिणीला फोन करून सांगू शकत नाही, हेही इथेच सांगायला हवं. पापनिवेदनात ऐकलेलं कुणालाही कळवायचं नाही. पोलिसांना नाही, बिशपना नाही, ज्याचं नुकसान झालं त्यालाही नाही. जाणूनबुजून ते उघड करणारा फादर त्या क्षणी आपोआप धर्मबहिष्कृत होतो आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार थेट पोपकडे असतो. त्यामुळे पुढचं पाऊल भावालाच टाकावं लागतं. लाज वाटत असेल तर तो स्वतःहून फादरना संस्काराबाहेर भेटून मध्यस्थी करायला सांगू शकतो. चोरलेले पैसे नाव न सांगता पाकिटातून पोचवले तरी ती परतफेडच धरली जाते. आपली नाचक्की चव्हाट्यावर मांडलीच पाहिजे असा आग्रह नाही, ज्याचं त्याला मिळालं पाहिजे एवढाच आहे. जमिनीच्या बाबतीत गुप्तपणे काही करता येत नाही ही भावाची अडचण. बक्षीसपत्र किंवा तत्सम दस्त करा, नोंदणी करा, फेरफार घाला. सगळ्या गावाला दोन दिवसांत कळतं.

किती परत करायचं, यावर जुन्या नीतिशास्त्रात बारीक चर्चा आहे आणि ती वाचताना गावच्या पंचायतीतच बसल्यासारखं वाटतं. जाणूनबुजून दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवली असेल तर वस्तूही द्यायची, तिचं इतक्या वर्षांचं उत्पन्नही द्यायचं आणि ती नसल्यामुळे मालकाचं जे नुकसान झालं तेही भरायचं. राखणीला आणि मशागतीला घातलेला खर्च वजा करता येतो. भावाला खरोखरच ठाऊक नसेल, ‘बहिणीला लग्नात दागिने दिले म्हणजे वाटा फिटला’ या समजुतीतच तो वाढला असेल, तर त्याचा दोष हलका. पण कळल्या दिवसापासून जे हातात शिल्लक आहे ते त्याचं राहत नाही. जमीन विकून टाकली असेल तर किंमत द्यायची. ऐपतच नसेल तर देणं लांबणीवर पडतं, रद्द होत नाही, हप्त्याने का होईना चालू ठेवायचं. बहीण हयात नसेल तर तिच्या मुलांना. ज्याचं घेतलं तो सापडतच नसेल, उदाहरणार्थ बाजारात वर्षानुवर्षं काटा मारला असेल, तर गोरगरिबांना.

आणि बहिणीने आपणहून सोडलं तर? तर संपलं. पुष्कळ बहिणी खरंच प्रेमाने सोडतात, तिथे पाप कुठलं? पण सोडलं म्हणजे सगळं माहीत असून, दडपण नसताना सोडलं पाहिजे. आपल्याकडे अडतं ते इथेच. ‘वाटा मागितला तर माहेर तुटेल’ या भीतीने केलेली सही ही देणगी होत नाही. गणपतीला नाही तर नाताळाला माहेरी यायची सोय राहावी म्हणून कोकणातल्या सगळ्या धर्मांच्या बायकांनी किती गुंठे सोडले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

बायबलमध्ये या विषयावरची सगळ्यात जिवंत गोष्ट जक्कयाची आहे. लूकच्या शुभवर्तमानातला हा यरीहोचा मुख्य जकातदार. बुटका आणि श्रीमंत. रोमी सरकारसाठी कर वसूल करायचा आणि वर स्वतःसाठीही काढायचा. येशू गावातून जातोय म्हणून हा उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूने वर पाहून सांगितलं, आज तुझ्याच घरी उतरायचंय. लोक कुरकुरले. मग जक्कय म्हणाला, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात आपणहून कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा एवढंच देणं होतं. चौपट हा मेंढरू चोरून मारणाऱ्या किंवा विकणाऱ्याचा दर. म्हणजे याने स्वतःला सवलतीच्या दराने मोजलं नाही, चोराच्या दराने मोजलं.

मला या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा वाटतो. येशू आधी घरी येतो, हिशेब नंतर निघतो. ‘चौपट भर, मग तुझ्या पंगतीला बसतो’ असं तो म्हणत नाही. त्यामुळे भरपाई ही क्षमेची किंमत ठरत नाही. आणि क्षमा खरोखर आत पोचली असेल तर हात पाकिटाकडे गेल्याशिवाय राहत नाही.

बदनामीची भरपाई मात्र जमिनीपेक्षा अवघड. कुणाबद्दल खोटं पसरवलं असेल तर ते जिथे पसरवलं तिथेच मागे घ्यायला हवं, असा नियम आहे. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहायचं आणि माफीचा मेसेज मात्र खासगीत पाठवायचा, हे चालत नाही.

प्रोटेस्टंट मंडळींकडे जाळी नाही. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं जुनं इस्पितळ आहे, त्या परंपरेतली कुटुंबं रविवारी उपासनेत सगळ्यांबरोबर पापांगीकार करतात. देव आणि माणूस यांच्यामध्ये फादर लागत नाही, क्षमा केवळ कृपेने मिळते, यावर त्यांचा भर. 31 ऑक्टोबर 1517 या तारखेच्या आपल्या 95 प्रबंधांतल्या पहिल्याच वाक्यात मार्टिन ल्यूथर यांनी म्हटलं होतं की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं. त्यांचा राग पैसे घेऊन दंडमुक्तीपत्रं, म्हणजे पापाची शिक्षा माफ झाल्याचे दाखले, वाटण्यावर होता. पण बहिणीची जमीन परत करायची की नाही, यावर दोन्हीकडचं उत्तर एकच. जक्कय दोघांच्याही बायबलमध्ये आहे.

आता दुसरी बाजू. बहिणीने काय करायचं?

पेत्राने येशूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर आलं, सत्तर गुणिले सात. आणि लगेच एक दाखला. एका चाकराचं राजाकडे दहा हजार तालांतांचं देणं होतं, राजाने ते सोडलं. बाहेर पडल्यावर त्याच चाकराने शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे पहिलं देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, दीड लाखाहून अधिक वर्षं राबलं तरी न फिटणारं. दुसरं साधारण साडेतीन महिन्यांचं. उपदेशात हे शंभर दिनार नेहमी ‘क्षुल्लक’ ठरतात. मजुरी करणाऱ्याला विचारा, साडेतीन महिन्यांचा रोज क्षुल्लक असतो का. दाखल्यात ते देणं खरं आहे, आणि ते खरं असूनही सूड सोडायला सांगितलं आहे.

सूड सोडणं आणि हक्क सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 13 मे 1981 रोजी सेंट पीटर्स चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांनी हल्लेखोराला क्षमा केली, 27 डिसेंबर 1983 रोजी तुरुंगात जाऊन त्याच्याजवळ बसले. तरी तो माणूस 2000 सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता. आपल्या देशातलं उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचं. मध्य प्रदेशात भूमिहीनांमध्ये काम करणाऱ्या या सिस्टरची 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसप्रवासात हत्या झाली. त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. खटला झालाच, शिक्षा झालीच.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ज्यांच्या नावाने इथे कॉलेज आहे, ते 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत 25 सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. त्यांच्यातल्या पॉल मिकी यांनी क्रुसावरूनच आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा केली. अशा गोष्टी ऐकत आपण वाढतो आणि त्यातून एक धोका तयार होतो. घरातल्या दुबळ्या माणसाला, बहुतेक वेळा बाईला, ‘संत एवढं करतात, तू एवढंही करू शकत नाहीस?’ असं ऐकवलं जातं. जिला नवरा मारतो तिला ‘क्षमा कर’ असं सांगून परत नांदायला पाठवतात. हा क्षमेचा वापर नव्हे, गैरवापर. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघं लागतात. मारणारा बदललेला नसेल तर तिने वेगळं राहून, पोलिसांत तक्रार देऊनही त्याला क्षमा करता येते.

पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र इथे वाचण्यासारखं आहे. पळून गेलेल्या अनेसिम या तुझ्या दासाला परत घे, दास म्हणून नको, भाऊ म्हणून घे, अशी विनंती पौल करतो. पण ‘त्याचं देणं सोडून दे’ असं म्हणत नाही. त्याच्याकडे काही निघत असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हाताने लिहून देतो. चर्चमधल्या मध्यस्थांनी असं एकदा तरी लिहून द्यावं, मग बहिणींना उपदेश करावा.

व्यक्तींना लागू असलेलं संस्थेलाही लागू होतं, आणि इथे आपण ख्रिस्ती लोक विषय बदलतो. पोर्तुगीज वसईत 1534 ते 1739 होते. त्या काळात हिंदू देवळं पाडली गेली, 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) बसलं आणि त्याचा हात उत्तर कोकणापर्यंत पोचत होता. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जाहीर प्रार्थनेत ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांची क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली वापरलेली बळजबरी त्यात होती. ती क्षमा देवाकडे मागितलेली होती. ज्यांची देवळं गेली त्यांच्या वंशजांशी, म्हणजे आपल्याच शेजाऱ्यांशी, त्या विषयावर आपण मोकळेपणाने बोललेलो नाही असं माझं मत आहे. आजचा वसईकर ख्रिस्ती त्या पापाचा अपराधी नाही. पण इतिहास नाकारणंही त्याला शोभत नाही.

परत भावाकडे. त्याने सगळं केलं, दस्त केला, बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आलं, मागच्या उत्पन्नाचेही पैसे दिले. तरीही बहीण नाताळाला आली नाही, तर? तर त्याला तक्रार करायचा हक्क नाही. परतफेड हे त्याचं देणं होतं, तिची माया त्याने विकत घेतलेली नाही. क्षमा करण्याचा तिचा प्रश्न तिच्या आणि देवाच्या मधला, त्याला तिचा वेळ लागेल.

आणि भाऊ काहीच न करता गेला तर? मग वाडी त्याच्या मुलांच्या नावावर होते. पाप त्यांचं नाही, कारण सही त्यांनी घेतलेली नव्हती. पण देणं वडिलांबरोबर पुरलं जात नाही, मिळालेल्या मालमत्तेबरोबर येतं आणि जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतं त्यांच्यावर बसतं. आत्याची सही कशी घेतली होती हे त्यांना ठाऊक असेल, तर त्या दिवसापासून ते दुसऱ्याची वस्तू जाणूनबुजून ठेवणारे होतात, आणि वारसनोंदीचा अर्ज देण्याआधी त्यांना आत्याच्या घरी जावं लागेल.